पाचव्या फ्रेमचा आवाज

१

"हा टाका माह्या हातचा नाही."

जमनाबाईनं पहिल्यांदा म्हटलं तेव्हा कुणी ऐकलंच नाही. दारव्ह्याच्या वाचनालयाच्या सभागृहात खुर्च्या ओढल्या जात होत्या. फेब्रुवारीचं वारं दिसेल त्या खिडकीवर डोकं आपटत होतं, आणि फाटकावरचा कापडी फलक दावं तोडू पाहणाऱ्या वासरासारखा धडपडत होता. चार वाजता उद्घाटन होतं. नागपूरच्या संग्रहालयाची माणसं यायची होती.

भिंतीवर सहा फ्रेमा. सहा डोंगर, सहा गाड्या. सिमला, दार्जिलिंग, उटी, कांगडा, माथेरान आणि लोणावळ्याचा घाट. ऐंशी-नव्वद वर्षांमागं रेल्वेनं छापलेल्या जाहिराती त्या. थंड हवेला या, मेघांच्या गावाला या, असं बोलावणाऱ्या. हिरव्या दरीच्या कडेनं वळसा घेणारी नखाएवढी गाडी, खिडकीतून रुमाल हलवणारी बाई, वर धुराची सुटलेली वेणी. कधीकाळी त्या दारव्ह्याच्या स्टेशनात, अरुंद रुळांवरच्या छोट्या गाडीच्या वेटिंग रूममध्ये लागलेल्या होत्या. पुढं बुकिंग क्लार्क अनंत पांढरीपांडे यांनी त्या कापडावर चिकटवून, गुंडाळून, पेटीत जपल्या. अनंतरावांना जाऊन सहा वर्षं झाली. आज त्यांच्या नावाची पितळी पाटी लागणार होती, आणि उद्या हा 'अनंत पांढरीपांडे संग्रह' कायमचा नागपूरला जाणार होता.

"मी म्हणून राह्यली, हा टाका माह्या हातचा नाही!"

आता मात्र सगळे थांबले. जमनाबाई पाचव्या फ्रेमसमोर, माथेरानसमोर, उभी होती. त्या चित्राचा खालचा कोपरा फाटलेला. अनंतरावांनी तो तिच्याकडूनच शिवून घेतला होता, लाल दोऱ्याचे सात टाके.

"टाका फुगते, बाप्पा. दोरा उभा राह्यते, त्याची सावली पडते. याची सावली कुठं हाय? हा तं रंगवला हाय!"

अनंतरावांच्या मुलानं, साकेतनं, फ्रेम खाली उतरवली. मागच्या पत्र्याच्या चिमट्या फिरवल्या, पुठ्ठा काढला. आत कापड नव्हतंच. गुळगुळीत कागदाची छापील प्रत होती.

"रात्री किल्ली कुणाकडे होती?" साकेतनं विचारलं.

"माह्याजवळ," दारातून आवाज आला. किल्ली एकाकडेच होती आणि व्हरांड्यात झोपणाराही तो एकटाच. धावजी. वाचनालयाचा राखणदार, जमनाबाईचा नवरा.

आपण काय बोलून बसलो हे जमनाबाईला तेव्हा कळलं. तिनं ओढणीचं टोक दातात धरलं.

२

जमनाबाईचा फोन गेला आणि उज्ज्वला अकराच्या जीपनं यवतमाळहून आली. धावजीच्याच तांड्यातली पोर. अठरा वर्षं पोलिसात काढून नुकतीच बाहेर पडलेली. नोकरी सुटली, पण एका जागी न बसण्याची खोड काही सुटली नव्हती. बोलता बोलताही ती येरझारा घालायची, आणि ज्याला प्रश्न विचारला त्यालाही मान इकडून तिकडे फिरवायला लावायची.

"मला तमाशा नको, ताई," साकेत म्हणाला. "चार वाजेपर्यंत बाबांचं चित्र परत भिंतीवर दिसू दे. मी विचारणार नाही कुणी नेलं. नाही दिसलं तर पोलिसांत नाव देणार."

"कोणाचं नाव?"

साकेतनं नजर वळवली. वाचनालयाचे सचिव वामनराव मध्येच बोलले, "आता कसं आहे, माणूस चांगला आहे हो. पण शेवटी तांड्यावरचा..."

"मीही तांड्यावरचीच आहे, वामनराव. माझ्याही पिशवीत पाहून घ्या," उज्ज्वला म्हणाली. "डबा आहे. भाकरी मोजून ठेवा."

वामनरावांनी खिशातला रुमाल काढून विनाकारण चष्मा पुसला.

कोपऱ्यातल्या खुर्चीवर कुंदाबाई बसल्या होत्या, अनंतरावांच्या पत्नी. उज्ज्वलाला चौथीला शिकवलेल्या. तिनं वाकून नमस्कार केला, तेव्हा त्यांनी डोक्यावर हात ठेवायला उचलला आणि अर्ध्यातूनच पदराखाली नेला. पण तेवढ्यात बोटांची टोकं दिसली. जांभळी.

"बाई, अजून पाट्या लिहिता?" उज्ज्वलानं हसून विचारलं. सहाही फ्रेमांखाली कुंदाबाईंच्या मोत्यासारख्या अक्षरातली कार्डं होती.

"काल दुपारी लिहिल्या," त्या म्हणाल्या. "उज्ज्वला, धावजीनं नाही नेलं. एवढं मी सांगते."

"मग कुणी नेलं?"

कुंदाबाईंनी पदर हातावर आणखी ओढून घेतला. बाहेर वाऱ्यानं फलकाची एक दोरी तोडली.

३

फ्रेमा करणारा रजत यवतमाळचा. डोंगरांच्या मोठ्या रंगीत प्रतीही त्यानंच काढल्या होत्या, शाळेच्या पोरांना हाताळायला. साहजिकच वामनरावांचा दुसरा संशय त्याच्यावर.

"त्यानं दिलेल्या सहा प्रती या कपाटात आहेत," त्यांनी सभागृहातलंच एक बिनकुलपाचं कपाट दाखवलं. आत एकच जाड गुंडाळी उभी होती. "सकाळी कडेनं मोजल्या मी. एक, दोन, तीन... सहाच्या सहा. म्हणजे फ्रेममध्ये निघाली ती सातवी. सातवी कोण छापणार? ज्याचं मशीन आहे तो!"

"मी काहून छापू?" रजत भडकला. "आणि चोरायचंच तर सिमला नाही चोरणार? ते कोरं करकरीत आहे. शौकीन लोक त्याच्यासाठी रांग लावतील. हे माथेरान फाटकं, विटलेलं, शिवलेलं. याले कोण नेते?"

उज्ज्वला थांबली. आल्यापासून पहिल्यांदाच तिचे पाय थांबले. खरंच की. सिमला हाताशी असताना चोरानं फाटकं माथेरान का न्यावं?

"माथेरानमध्ये असं काय होतं, जे बाकीच्यांत नव्हतं?"

रजतनं डोकं खाजवलं. "समोरून तं काहीच नाही. पाठीमागं कापडावर काहीतरी लिहिलेलं होतं. करड्या पेन्सिलीनं, फिकट, बारीक. साहेबांची काही नोंद असंल म्हटलं. सहा फ्रेमा उरकायच्या होत्या ताई, मी काय वाचत बसतो!"

"फक्त पाचव्याच्याच पाठीवर?"

"फक्त पाचव्याच्या."

म्हणजे चोराला डोंगराचं तोंड नकोच होतं. त्याला डोंगराची पाठ हवी होती.

"पण थांबा," रजत म्हणाला, आणि मोबाइल पुढं केला. "तुमचे धावजी काका काल मलेच म्हणत होते, तुह्या फ्रेममध्ये खोट आहे म्हणून. हा पाहा फोन. काल संध्याकाळी, सात वाजून चार मिनिटं."

"काल संध्याकाळी? चोरी तर रात्री झाली ना?" वामनराव म्हणाले.

उज्ज्वला तोवर दाराबाहेर पोचली होती.

४

धावजी वाचनालयामागच्या कडुनिंबाखाली उकिडवा बसला होता. समोरचा चहा गार होऊन त्यावर साय धरली होती. सकाळपासून त्यानं या आवाराचं पाणीही घेतलं नव्हतं. जमनाबाई शेजारी गुडघ्यात मान घालून.

"रो मत, याडी," आईला म्हणावं तसं म्हणत उज्ज्वलानं तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि धावजीसमोर बसली. "काका, फोन कशाला केलता काल?"

"आवाज फिरला होता."

"कशाचा?"

धावजीनं बोट दुमडलं आणि झाडाच्या बुंध्यावर वाजवलं. टक्. टक्. टक्.

"तीस वर्षं कीमन होतो मी छोट्या गाडीवर. रोज सकाळी हातोडा घेऊन रुळावरून चालायचं, रूळ धरून ठेवणारी एकेक लोखंडी चावी ठोकत. घट्ट चावीचा आवाज घट्ट येते, ढिली चावी कोकलते. डोळ्यानं ढिली चावी दिसत नाही, पोरी. कानानं दिसते. गाडी बंद झाली, हात तं बंद झाला नाही ना. आता कुलूप लावायच्या आधी मी दार ठोकतो, खिडकी ठोकतो. या फ्रेमाबी ठोकल्या. सोमवारी रजतनं आणून भिंतीले टेकवल्या, तवा सहाहीचा आवाज एक. बद्द. भरलेला. काचेमागं कापड दाबून बसलं होतं ना. काल मंगळवारी सात वाजता ठोकल्या, तं पाचवी कोकलली. रिकामी. म्हटलं पोराचा पुठ्ठा ढिला झाला, म्हणून फोन केला."

उज्ज्वलानं बोटांवर वार मोजले. सोमवारी खरं चित्र आत होतं. मंगळवारी सातला नव्हतं. रात्रीचा आणि धावजीचा संबंधच नव्हता. ज्यानं नेलं, तो फ्रेमवाल्याला स्वतःच फोन करून खोट दाखवील होय?

"हे सकाळी सांगितलं काहून नाही?"

"इचारलं कोणं?" म्हातारा पहिल्यांदा तिच्याकडं बघत म्हणाला. "साकेतबाबू म्हणे, किल्ली कोणाजवळ होती. म्या म्हटलं माह्याजवळ. त्यानं पुढचं इचारलंच नाही. इचारलं असतं तं सांगतलं असतं."

"काल दिवसभर सभागृहात कोण होतं?"

"एक वाजेलोक कुलूप. साकेतबाबू पितळी पाटी आणाले नागपूरले गेलते, रात्री आले. वामनराव तहसीलमध्ये. एक वाजता बाई आल्या पाट्या लिहाले. पाच वाजता वामनराव आन् रजत आले, दोघानं मिळून फ्रेमा टांगल्या, मी शिडी धरली."

"एक ते पाच बाई एकट्याच?"

"एकट्या. म्या दारात. एकदा वाटीभर पानी मांगलतं फक्त."

"प्यायला?"

"प्याले वाटी कोण मांगते? आन् पाट्या तं त्या काळ्या पेनानं लिहित होत्या." धावजी किंचित हसला. सकाळपासूनचं ते पहिलं हसू. "आपल्या अनंत साहेबांचं न्यारं होतं. पार्सलाची चिठ्ठी, वजनाचा कागद, सारं त्या कापीच्या पेन्सिलीनं. सुकी लिहिली का करडी दिसे. जिभेले लावली, ओली झाली, का जांभळी. दिवसभर साहेबांची जीभ जांभळी! पोरं म्हणत, साहेब जांभूळ खाऊन आले. आन् एकदा लिहिलं का पुसून दावा म्हणा. जेवढं पानी लावा, तेवढं फुलते."

उज्ज्वला उठली. वाऱ्यानं तिची ओढणी तोंडावर आणली, तरी तिनं ती सारली नाही.

पदराखाली लपवलेली बोटं तिला दिसत होती.

५

सभागृहात ती एकटी गेली. सव्वातीन वाजले होते. सिमल्याखालचं कार्ड तिनं वाचलं. चित्राचं नाव, मापं, आणि शेवटी ओळ: 'संग्राहक : अनंत पांढरीपांडे.' दार्जिलिंगखाली तीच ओळ. उटीखाली, कांगड्याखाली, लोणावळ्याखालीही तीच.

माथेरानखाली ती ओळ नव्हती.

जागा होती. पेन टेकवल्याचा एक बारीक ठिपकाही होता. पुढं हात चालला नव्हता.

मग ती कपाटापाशी गेली. वामनरावांनी मोजलेल्या सहा प्रती. वामनराव बरोबर मोजतात. आयुष्यभर त्यांनी पुस्तकंच मोजली आहेत. पण एक प्रत फ्रेममध्ये गेली, तर इथं पाच उरायला हव्यात. सातवी प्रत कुणी छापलीच नसेल, तर ही सहावी कोण?

तिनं गुंडाळी उलगडली. गुळगुळीत, गुळगुळीत, गुळगुळीत. आणि मधोमध, पाच खोट्या डोंगरांच्या पोटात, खरबरीत कापडावरचं माथेरान. कोपऱ्यात सात लाल टाके, सातांच्या सात सावल्या.

उज्ज्वलानं चित्र पालथं केलं.

पाठीवरचा मजकूर आता करडा नव्हता. कुणीतरी तो ओल्या फडक्यानं पुसायला घेतला होता, आणि प्रत्येक अक्षर जांभळं होऊन फुललं होतं.

तिनं वाचलं. दोनदा वाचलं. मग गुंडाळी होती तशी करून ती पांढरीपांड्यांच्या घराकडं निघाली, जवळजवळ धावतच.

६

कुंदाबाई घरात या खोलीतून त्या खोलीत फिरत होत्या. समारंभाची साडी खाटेवर घडीचीच होती.

"बसा, बाई."

"बसवत नाही गं. कालपासून बसवत नाही."

उज्ज्वलानं आवाज चढवला नाही. जांभळी बोटं, पाण्याची वाटी, राहिलेली ओळ, कपाटातली सहावी प्रत. धावजीनं ऐकलेला आवाज तिनं सगळ्यांत शेवटी सांगितला.

 कुंदाबाईंनी बोटं पदरातून बाहेर काढून समोर धरली.

"तीन वेळा साबण लावला. बुकिंग क्लार्कची बायको मी, त्यांचे सदरे धुऊन हात झिजले माझे. ती पेन्सिल पाण्यानं जात नाही हे मला माहीत नव्हतं का? पण वाचलं आणि काही सुचेना. हाताशी पाणी होतं, पुसायला लागले. जितकं पुसलं तितके ते मोठ्यानं बोलायला लागले." त्या खिडकीशी गेल्या, परत आल्या. "मापं बघायला म्हणून फ्रेम उघडली होती मी, ह्यांना पाठीमागं मापं लिहायची सवय म्हणून. आणि निघालं ते. चाळीस वर्षं संसार केला, मला एका शब्दानं सांगितलं नाही."

"चित्र फाडून टाकता आलं असतं."

"त्यांचं अक्षर होतं ना." कुंदाबाईंनी खाटेवरच्या साडीची घडी उगाच सारखी केली. "पाटी लागून जाऊ दे, मग बघू, म्हटलं. कुणाच्या ध्यानात येणार नाही असं वाटलं. जमनाचे टाके मी विसरले. आणि सकाळी साकेत किल्लीचं बोलला तेव्हा उठून सांगायला हवं होतं. उठलेच नाही गं मी. ह्यांचं एवढंच एक नाव राहिलंय गावात. तेही पितळेवर येता येता पुसायचं?"

"त्याच्यासाठी दुसरं एक नाव पुसलं जातंय, बाई. पावणेचार झालेत. साकेत पोलिसांत जाईल. मी त्याच्याआधी बोलू शकते, पुरावा आहे माझ्याकडं." उज्ज्वला दारात उभी राहिली. "पण चौथीत तुम्ही आम्हाला चूक दुसऱ्याकडून खोडून घेऊ द्यायचा नाहीत. ज्याची त्यानं खोडायची."

भिंतीवर अनंतरावांचा फोटो होता. कुंदाबाईंनी त्याच्याकडं पाहिलं नाही. पायात चपला सरकवल्या.

"साडी राहू दे," त्या म्हणाल्या. "चल."

७

चार वाजता सभागृह भरलं होतं. नागपूरची माणसं पुढच्या खुर्च्यांत, पितळी पाटी मखमलीखाली, पाचवी फ्रेम भिंतीवर रिकामी. साकेतच्या हातात मोबाइल होता. धावजीला वामनरावांनी निरोप धाडून बोलावलं होतं. तो आला, पण उंबऱ्याच्या आत आला नाही.

कुंदाबाई सरळ कपाटापाशी गेल्या. गुंडाळी काढली, माथेरान बाजूला केलं आणि छातीशी धरून सगळ्यांकडं वळल्या.

"चित्र कुणी नेलं नव्हतं. मी बदललं होतं," त्या म्हणाल्या. "धावजीवर आळ आला तेव्हा मी गप्प बसले. ती चोरी मोठी. साकेत, मोबाइल खिशात घाल."

"आई, तू काय—"

"घाल म्हटलं ना."

खुर्च्यांमधून कुजबूज सुटली. कुंदाबाईंनी चित्र पालथं धरलं आणि वर्गात वाचून दाखवावं तसं, एकेक शब्द मोकळा करत वाचलं:

"'हे सहा कागद स्टेशनाची सफाई झाली तेव्हा रद्दीत जाळायला काढले होते. मी सही करून मोकळा झालो होतो. कीमन धावजी याने पेटत्या ढिगात हात घालून ते काढले. त्याचे घर गळके, म्हणून माझ्याकडे ठेव दिली. लोक मला संग्राहक म्हणतात आणि मी नाही म्हणत नाही, हा माझा दोष. ज्याचे त्याला द्यावेत. अ. पां.'"

वाऱ्यानं मागचं दार धाडकन लावलं. कुणी उघडायला उठलं नाही.

उज्ज्वला उंबऱ्याशी गेली. "काका, हात दाखवा."

धावजीनं डावा हात उघडला. मनगटापासून करंगळीपर्यंत जुन्या भाजल्याचा पांढरा पट्टा होता. इतकी वर्षं गाव तो पाहत होतं.

"काहून काढले होते हो?" रजतनं मागून विचारलं.

"आता काय सांगू बाप्पा," म्हातारा संकोचला. "आपला रूळ सारा सपाट. दारव्हा ते यवतमाळ, चढ म्हणून नाही. वेटिंग रूम झाडताना हे डोंगर पाहो मी. वाटे, आपल्याच रुळावरून चालत गेलं, चाव्या ठोकत ठोकत, तं कधीतरी तिथं निघू. ते जाळून राह्यले होते. मंग जाव कुठं माणसानं?"

साकेत पुढं आला.  त्यानं धावजीचा भाजलेला हात दोन्ही हातांत घेतला आणि त्याला उंबऱ्याच्या आत आणलं.

"तुमचे आहेत, काका. न्यायचे तर न्या."

"माह्यं घर अजूनबी गळतेच," धावजी म्हणाला, आणि पहिल्यांदा सभागृह हसलं. "जाऊ द्या नागपूरले. पण साहेबाचं नाव पुसू नका. पंचवीस वर्षं वाळवी लागू दिली नाही त्यायनं. दोघाचं लिहा."

कुंदाबाईंनी काळं पेन मागून घेतलं. सहाही कार्डांवर, एकेक करून, त्यांनी वरच्या जागेत ओळ लिहिली: 'वाचवणारा : धावजी.' खाली, 'सांभाळणारा : अनंत.' 'संग्राहक' ही ओळ पाच कार्डांवर खोडली. माथेरानच्या कार्डावर खोडायला काही नव्हतंच. हात एकदाही थांबला नाही.

रजतनं चित्र फ्रेममध्ये बसवायला घेतलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "उलटं बसव. पाठ बाहेर."

मग भिंतीवर पाच डोंगर लागले आणि एक जांभळं पान. लोक त्याच्याचपुढं दाटीनं उभे राहिले. धावजी मागून वाट काढत आला. काचेवरून त्यानं एकेका अक्षरावर बोट फिरवलं.

"मंग माह्या माथेरानचा डोंगर कुठं गेला?"

"मागं आहे, काका," उज्ज्वला म्हणाली.

धावजीनं बोट दुमडलं. कान काचेजवळ नेला आणि वाजवलं. टक्.

 म्हाताऱ्यानं डोळे मिटून घेतले होते.

"हाय," तो म्हणाला. "भरला हाय."